साक्षीदाराची स्मृती

डोळ्यांदेखत घडलेली घटना आठवून सांगताना तिच्यात नकळत होणारे फेरफार, आणि ती कर्णोपकर्णी पुढे जाताना त्यांत पडणारी भर, हा मानसशास्त्र व न्यायशास्त्र या दोहोंच्या अभ्यासाचा विषय आहे. खोटी साक्ष किंवा फितुरी वेगळी. इथे साक्षीदार प्रामाणिक असतो, शपथेवर बोलतो आणि तरीही चुकतो.

केंब्रिज विद्यापीठातील फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या अभ्यासाचा पाया मानले जातात. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची भुतांच्या लढाईची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना दिली आणि काही काळाने आठवेल तशी लिहायला लावली. दुसऱ्या पद्धतीत एकाने लिहिलेले दुसऱ्याने वाचायचे, दुसऱ्याचे तिसऱ्याने. कानगोष्टींचाच खेळ, फक्त कागदावर. कथा आखूड होत गेली. भुतांचा न समजणारा भाग गळाला, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. परके ते वगळायचे आणि ओळखीचे ते भरायचे, असा हा व्यवहार होता आणि तो करणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

मराठीत ‘पराचा कावळा’ म्हणतात, पण सांगोवांगीत गोष्ट नुसती फुगत नाही, आधी ती झिजते. गॉर्डन ऑलपोर्ट व लिओ पोस्टमन यांनी अफवांवरील १९४७ च्या ग्रंथात नेमके हेच दाखवले: बहुतेक तपशील गळतात, उरलेले मोजके टोकदार होतात आणि सांगणाऱ्याच्या पूर्वग्रहांच्या साच्यात बसतात. त्यांनी पाहून तोंडी पुढे सांगायला लावलेल्या एका चित्रात गोऱ्या माणसाच्या हाती वस्तरा होता. सांगता सांगता तो अनेकदा कृष्णवर्णीयाच्या हाती गेला. मोबाइलवर संदेश जसाच्या तसा पुढे जातो, म्हणून ही झीज थांबली असे वाटेल. मात्र २०१८ साली भारतभर मुले पळवणाऱ्या टोळीची म्हणून फिरलेली एक चित्रफीत मुळात कराचीत मुलांच्या सुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी बनवलेली होती. खुलासा करणारा तिचा शेवट तेवढा कोणीतरी कापला होता. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले.

आठवणीत बदल घडवायला साधा प्रश्नही पुरतो. एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवून वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात गाड्या ‘एकमेकींना लागल्या’ अशा अर्थाचे क्रियापद असता सरासरी उत्तर ताशी ३१.८ मैल आले, ‘जोरात आदळल्या’ असे असता ४०.५ मैल. पुढच्या प्रयोगात, आठवड्यानंतर, फुटलेली काच दिसली का असे विचारले. काच फुटलेलीच नव्हती. तरी ‘आदळल्या’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती आठवली. ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. गॅरी वेल्स व एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ मध्ये दाखवले की चुकीचा माणूस ओळखणाऱ्याला ‘बरोबर ओळखलंत’ एवढे म्हटले, तरी आपली आधीपासूनच खात्री होती असे तो सांगू लागतो. साक्षीदाराचा ठामपणा यामुळेच फसवा ठरू शकतो.

भारतीय कायद्याला यातले बरेच ठाऊक आहे. ऐकीव पुरावा तो सहसा स्वीकारत नाही आणि सरतपासणीत, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाच्याच वकिलाने घेतलेल्या तपासणीत, उत्तर सुचवणाऱ्या सूचक प्रश्नांवर हरकत घेता येते. मात्र साक्षीदाराचा पहिला जबाब चौकीत कित्येक महिने आधी झालेला असतो, आणि तिथे हरकत घ्यायला वकील नसतो. भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा ठेवता येत नाही. मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप पुन्हा चालवावी, तशी आठवण नसते. हे विधान साक्षीदाराच्या बाजूने होते: किरकोळ विसंगतींमुळे सगळी साक्ष फेकून देऊ नये. तेच सत्य आरोपीच्या बाजूनेही तितकेच लागू पडते, याकडे मात्र कमी लक्ष जाते.

अनोळखी आरोपीच्या बाबतीत ओळख परेड घेतात. सारख्या अंगलटीच्या डमींमध्ये आरोपीला उभे करतात आणि साक्षीदाराने त्याला निवडायचे असते. परेडला उशीर झाला, किंवा आधीच आरोपीचा चेहरा वर्तमानपत्रात झळकला, की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो. तरीही कायद्याच्या दृष्टीने परेड हा केवळ पूरक पुरावा. मूळ पुरावा म्हणजे न्यायालयात पटवलेली ओळख. ती बहुधा काही वर्षांनी पटवली जाते, आणि तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो तो एकटाच.