दाढेत उरलेलं गाव

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनला ब्रॉडवेलगत सरकारी इमारतीचा पाया खणताना १९९१ साली कबरी लागल्या. शहरातल्या गुलाम आणि स्वतंत्र आफ्रिकी माणसांना १७९४ पर्यंत इथेच पुरत. जुन्या नकाशांत ही दफनभूमी दाखवलेली होती, पण नंतरच्या बांधकामांत ती नष्ट झाली असेल असं गृहीत धरलं गेलं. प्रत्यक्षात जाड भरावाखाली ती शाबूत होती. कृष्णवर्णीय न्यूयॉर्ककरांच्या आंदोलनामुळे १९९२ च्या जुलैत खोदकाम थांबलं. तोवर ४१९ जणांचे अवशेष बाहेर आले होते.

पुढचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठात मायकेल ब्लेकी यांच्या नेतृत्वाखाली झाला. कवट्या मोजून 'वंश' ठरवण्याची रूढ न्यायवैद्यक पद्धत त्यांनी केंद्रस्थानी ठेवली नाही. आधी वंशजांशी जाहीर चर्चा झाल्या आणि त्यांतून प्रश्न ठरले: ही माणसं कुठून आली, कशी जगली, त्यांच्यात काय बदललं, त्यांनी प्रतिकार कसा केला? यामुळे विज्ञानही सुधारलं. 'कृष्णवर्णीय' एवढ्या शिक्क्यातून गाव कळत नाही, त्यासाठी दातांकडेच जावं लागतं.

पहिल्या कायमच्या दाढेचा माथा जन्मापासून साधारण तीन वर्षांत घडतो. त्याचं एनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, पुन्हा बदलत नाही. त्यामुळे खडकांतून अन्नपाण्यात उतरणारं स्ट्राँशियम हे मूलद्रव्य त्यात कायमचं राहतं. रुबिडियम या किरणोत्सारी मूलद्रव्याच्या ऱ्हासातून स्ट्राँशियम-८७ हा प्रकार तयार होतो, म्हणून जुन्या, रुबिडियमयुक्त खडकांच्या प्रदेशात त्याचं स्ट्राँशियम-८६ या प्रकाराशी असलेलं गुणोत्तर जास्त भरतं. अक्कलदाढ बरीच उशिरा, साधारण सात ते चौदा वर्षांच्या दरम्यान घडते. दोन्ही दाढांचे आकडे वेगळे आले, तर मूल मधल्या काळात दुसरीकडे गेलं असावं.

हाड इथे फारसं उपयोगी नाही. ते सच्छिद्र असल्याने जमिनीतल्या पाण्याबरोबर परकं स्ट्राँशियम आणि शिसं आत शिरतं. एनॅमलचाही वरचा थर खरवडून आतलाच नमुना घ्यावा लागतो. शिवाय मीठ आणि मासळी आहारात जास्त असेल, तर गुणोत्तर समुद्राच्या ०.७०९२ कडे झुकतं. दूरदूरच्या प्रदेशांचे आकडेही जुळू शकतात. म्हणून 'इथला नाही' हे ठामपणे सांगता येतं, 'अमुक गावचा' हे मात्र सहसा नाही.

म्हणूनच शिशाची जोड मोलाची ठरली. न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्यांच्या दातांत शिसं जास्त आढळलं. वसाहतीतली कथील-शिशाची भांडी आणि झिलईची मातीची भांडी हे त्याचे संभाव्य स्रोत. याउलट, समोरचे दात मुद्दाम घासून आकार दिलेल्या माणसांचं बालपण आफ्रिकेत गेल्याची खूण मिळाली. अशाच एका स्त्रीच्या कमरेला मण्यांची माळ होती.

मला सर्वांत जड वाटतो तो वयांचा तक्ता: जवळजवळ निम्मी बारा वर्षांखालची मुलं. एनॅमलवरच्या आडव्या खाचा उपासमारीच्या किंवा आजाराच्या काळात उमटतात. अभ्यासकांना अशा खुणाही मुलांच्या दातांवर दिसल्या.

वंशजांना अवशेष परत हवे होते, म्हणून मोजमाप, छायाचित्रं, नमुने सगळं पुन्हा दफन होण्याआधीच उरकायचं होतं. ऑक्टोबर २००३ मध्ये घानात हाताने कोरलेल्या लाकडी पेट्यांतून ४१९ जण त्याच जागी परतले.