मोंते सांतो: जुन्या गोव्यातली वाटेवरून सुटणारी टेकडी

जुन्या गोव्यात सहलीची बस थांबते ती बॉम जेझस बासिलिकेपाशी. लोक सेंट झेवियरच्या शवपेटीचं दर्शन घेतात, समोरचं से कॅथेड्रल बघतात, शहाळं पितात आणि पणजीला परततात. बासिलिकेच्या पश्चिमेला एक चढणीचा रस्ता जातो, तिकडे फारसं कुणी वळत नाही. त्या चढावर मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, आहे. एकेकाळी पोर्तुगीजांची राजधानी असलेलं हे बंदर कसं उभं राहिलं, कसं फुललं आणि कसं ओस पडलं, हे समजून घ्यायचं असेल तर मी आधी या टेकडीवर जायला सांगेन.

टेकडीच्या कडेला, जिथून मांडवीचं पात्र खाली पसरलेलं दिसतं, तिथे रोझरी मातेचं छोटं चर्च आहे. १५१० साली पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा एकदा घेतलं, आदिलशाही फौजेपुढे काही महिन्यांतच सोडलं आणि नोव्हेंबरमध्ये तो परत आला. २५ नोव्हेंबरची निर्णायक लढाई त्याने याच टेकडीवरून पाहिली, असं इथला शिलालेख सांगतो. आजचं चर्च त्यानंतरचं, १५४०च्या दशकातलं. गोल बुरूज आणि उंचावरच्या लहान खिडक्या पाहिल्या की आपण गढीसमोर उभे आहोत असं वाटतं. ते स्वाभाविकच आहे, कारण ते बांधलं गेलं तेव्हा हे पोर्तुगीज राज्य टिकेल याची खात्री कुणालाच नव्हती.

थोडं जवळ जा. भिंतीवर पीळ दिलेला दोर कोरलेला आहे. पोर्तुगालचा राजा मानुएल याच्या काळात जहाजावरचे दोरखंड, गाठी असे दर्यावर्दी आकार दगडात आणायची पद्धत पडली. गोव्यात त्या शैलीच्या खुणा फार थोड्या उरल्यात. आत गव्हर्नर गार्सिया द साची पत्नी कातारिना हिची कबर आहे. मजकूर पोर्तुगीज, पण भोवतीची बारीक वेलबुट्टी थेट गुजरातच्या धाटणीची. खंबायत आणि गोवा ही बंदरं एकमेकांना किती जवळची होती, हे त्या एका दगडात दिसतं.

रोझरीकडून मागे वळलं की दिसतो तो सेंट ऑगस्टीनचा मनोरा. जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंच आणि अर्धवट. ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि १६०२ पर्यंत हे प्रचंड चर्च पूर्ण झालं. आता छत नाही. जमिनीवर काळ्या थडग्यांच्या फरशा आहेत, त्यांवर घराण्यांची चिन्हं आणि कवट्या कोरलेल्या. जांभा सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा टिकला तर भिंत टिकते, गिलावा गेला की कोकणातला पाऊस ती कुरतडत जातो. इथे तेच झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांचे मठ बंद केले, देखभाल थांबली आणि १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. घंटा मात्र आधीच उतरवली होती. ती आग्वादच्या दीपगृहात काही दशकं वाजली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. पणजीतल्या पांढऱ्या जिन्याच्या चर्चचा फोटो सगळ्यांकडे असतो, पण वरची घंटा या पडक्या मनोऱ्यातली आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

हे शहर कुठल्या शत्रूने जाळलं नाही. रोगराईने ते पोखरलं. डचांनी मांडवीच्या तोंडाशी पुन्हा पुन्हा नाकेबंदी करून व्यापार आटवला. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी शहरासमोरचं जुवे बेट घेतलं. ते सोडवायला गेलेला विजरई (पोर्तुगीज राजाचा प्रतिनिधी) कोंद द आल्व्होर जखमी होऊन कसाबसा परतला, आणि आपला राजदंड त्याने झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला असं सांगतात. शहाआलमची मोगल फौज कोकणात उतरत असल्यामुळे महाराजांना मागे फिरावं लागलं. पण राजधानी मुरगावला हलवायचा घाट याच विजरईने घातला, इतका त्या हल्ल्याचा धसका होता. मुरगावचं जमलं नाही. अठराव्या शतकात विजरईच पणजीला राहायला गेले आणि १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. इथले चिरे काढून तिथली घरं बांधली गेली.

ऑगस्टीनसमोर सांता मोनिकाचा तीन मजली मठ आहे, १६०६ मध्ये सुरू झालेला, जोगिणींसाठी. नवीन भरती बंद झाल्यावर आधीच्या जोगिणी तिथेच म्हाताऱ्या होत गेल्या. शेवटची १८८५ मध्ये वारली. आज तिथे ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.

आणि केतेवान. ती जॉर्जियातल्या काखेतीची राणी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून वध झाला. तिथे ऑगस्टिनियन साधू होते. त्यांनी तिचे अवशेष जपले आणि १६२७ मध्ये त्यातला काही भाग समुद्रमार्गे गोव्याला आणला. जुन्या पोर्तुगीज नोंदीत जागा लिहिलेली होती: इथल्या ऑगस्टिनियन मठातल्या एका चॅपेलची (छोट्या प्रार्थनागृहाची) दुसरी खिडकी, काळ्या दगडाची पेटी. पण चॅपेलच ढिगाऱ्याखाली गेलं होतं. पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षं माती उपसली, नोंदींवरून भिंती जुळवल्या आणि २००४-०५च्या सुमारास हाडाचा तुकडा हाती आला. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्याचा डीएनए तपासला, तेव्हा भारतात जवळजवळ न सापडणारा, पण जॉर्जियात आढळणारा मातृवंश, म्हणजे आईकडून आलेला वंशाचा धागा, निघाला. ते हाड तिचंच असण्याला त्याने मोठा आधार मिळाला. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी तिबिलिसीला जाऊन अवशेषाचा भाग जॉर्जियाच्या स्वाधीन केला, आणि चारशे वर्षांनी राणी घरी पोचली.