तापीकाठचे तलाव आणि सातपुड्याचे घाट : सायकल नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहिती

तापी पूर्वेकडून पश्चिमेला वाहते. तिच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधे काळ्या मातीची सपाटी. पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते त्यामुळे सपाट आहेत, आणि उत्तरेला किंवा दक्षिणेला वळलात की चढ लागतो. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर, गोमाई या नद्या थोड्याच अंतरात सपाटीवर येतात. बरीच धरणं डोंगराच्या पायथ्याला आहेत ती म्हणूनच. खान्देशातला ‘तलाव’ म्हणजे बहुतेकदा अशा धरणाचा जलाशय, आणि तिथवर नेणारा रस्ता केळीबागांतून व कपाशीच्या शेतांतून जातो. सायकलसाठी याहून चांगला मुलूख आम्हाला माहीत नाही. मात्र वेळ पाळली नाही तर तो फार त्रास देतो.

म्हणून आधी उन्हाबद्दल. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत लांबच्या फेरीसाठी आम्ही सायकल देत नाही. गिऱ्हाईक नाराज होतं, तरी देत नाही. ऑगस्टच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. त्यातही पाऊस संपल्यानंतरचे दोन महिने उत्तम, कारण धरणं भरलेली असतात आणि डोंगर अजून हिरवा असतो. थंडीत पहाटे बोटं आखडतात, हातमोजे न्या. निघायचं कोणत्याही महिन्यात दिवस उगवायच्या आत, आणि ऊन तापायच्या आत पाण्याच्या काठाशी पोचायचं. परतीचा प्रवास दुपारी चारनंतर ठेवा किंवा गाडीने या.

पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. त्या दिवसांत सकाळी ताज्या दमात पश्चिमेकडे जा, म्हणजे परतताना वारा पाठीशी राहील. उलट केलंत तर सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखे दमाल.

पहिल्यांदा रोड सायकल हातात घेत असाल तर एक सकाळ जळगावातल्या मेहरूण तलावाला चक्कर मारा. सीटची उंची बरोबर आहे का, ब्रेक कसे लागतात, गिअर कुठे अडखळतो, हे तिथेच कळतं. काही खटकलं तर दुकानात येऊन नीट करून घ्या. त्याचे पैसे आम्ही घेत नाही. थंडीत मेहरूणची बोरं मिळाली तर खिसा भरून घ्या.

पुढची पायरी पद्मालय. जळगावहून शिरसोली, वावडदा, म्हसावद असं गेलात तर महामार्गावरचे ट्रक टळतात. वाटेत गिरणा ओलांडावी लागते. अंतर एका बाजूने पस्तीसेक किलोमीटर. शेवटी थोडा चढ आणि झाडी आहे, आणि वर गणपतीच्या देवळासमोर कमळांचं तळं आहे. गाभाऱ्यात डाव्या आणि उजव्या सोंडेचे दोन गणपती शेजारी-शेजारी आहेत. चतुर्थीला गर्दी असते, तो दिवस सोडून जा. एरंडोलवरून परत यायचं ठरवलंत तर रस्ता सरळ आहे, पण महामार्गाचा आहे. आम्ही गेलो त्याच वाटेने परत यायला सांगतो.

पक्षी पाहायचे असतील तर हतनूर. सायकल रेल्वेने भुसावळला न्या (ब्रेकव्हॅनमध्ये टाकायची तर पार्सल ऑफिसात आधी बुकिंग करावं लागतं), तिथून वरणगावमार्गे धरण. तापीवरचं हे 41 दरवाजांचं धरण आहे. मागचा जलाशय उथळ आणि पसरट असल्याने थंडीत बदकं आणि इतर पाणपक्षी मोठ्या संख्येने उतरतात. दुर्बीण जवळ ठेवा. भिंतीवर आणि दरवाजांजवळ फोटो काढायला मनाई असते, पहारेकऱ्याशी वाद घालू नका. दम असेल तर पुढे चांगदेवला जा. तापी आणि पूर्णेचा संगम तिथेच होतो. काठावर चांगदेवाचं जुनं दगडी देऊळ आहे आणि जवळच कोथळीला मुक्ताईचं. आषाढीसाठी पंढरपूरला जाणारी मुक्ताईची पालखी इथूनच निघते.

आता सातपुड्यातलं पाल गाव. आमच्या मते एका दिवसात होणारी खान्देशातली सगळ्यात सुंदर फेरी हीच. बुऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा जातो. फैजपूरला 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. तिथून खिरोद्याकडे वळलात की दोन्ही बाजूंना केळी, आणि खिरोद्यानंतर घाट. चढ सलग आहे, पण मोडून काढणारा नाही. वर यावल अभयारण्याचं सागाचं जंगल आणि सुकी नदीवरचं गारबर्डी धरण. पालला चहा, नाश्ता मिळतो. अभयारण्यात बिबट्या आहे, त्यामुळे दिवस मावळायच्या आत खाली या. हेडफोन दुकानातच ठेवून जा.

या केळीपट्ट्यात रस्त्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. पावसानंतर ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते आणि ओल्या चिकणमातीवर पातळ टायर सरकन घसरतो. काढणीच्या दिवसांत मका, ज्वारी रस्त्यावरच वाळत घातलेली असते. दाण्यांवरून जाताना ब्रेक दाबायचा नाही, हँडल वळवायचं नाही, हळू सरळ जायचं. शेतकऱ्याचं पीक आहे, बाजूने जागा असेल तर बाजूनेच जा. आणि बाभळीचा काटा! बांधावरच्या कुंपणाचा एखादा फाटा रस्त्यावर आला की ट्यूब गेलीच समजा. यासाठी आम्ही 32 मिलिमीटरचे टायर बसवून देतो आणि सोबत दोन ट्यूब, पंप, पंक्चर किट देतो. ट्यूब बदलण्याआधी टायर आतून फडक्याने पुसून पाहा. मोडका काटा आत राहिला तर नवी ट्यूबही शंभर मीटरवर बसते.

दक्षिणेकडे चाळीसगावहून पाटणादेवी, एका बाजूने अठराएक किलोमीटर. पाटण भास्कराचार्यांच्या नावाशी जोडलेलं आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचा नातू चांगदेव (वरच्या देवळाचे संत चांगदेव नव्हेत) याने मठ काढला, असं सांगणारा शिलालेख इथे सापडला. देऊळ गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात डोंगराच्या कुशीत आहे. पावसाळ्यात आजूबाजूला धबधबे वाहतात. तिथून पुढे कन्नडचा औट्रम घाट चढायची अनेकांना हौस येते. आम्ही तिकडे पाठवत नाही. वाहतूक दाट, वळणं अरुंद आणि पावसात दरड कोसळण्याची भीती.

धुळ्याकरांसाठी नकाणे तलाव घराजवळच आहे. लळिंगचा किल्लाही जवळ, पण तो आग्रा महामार्गाला लागून असल्याने रविवारी अगदी पहाटेच जा.

शेवटी तोरणमाळ. शहादा, म्हसावद, राणीपूर अशी वाट (हे म्हसावद शहादा तालुक्यातलं, पद्मालयाकडचं नव्हे), अंतर पन्नासेक किलोमीटर. शहादा तापीच्या सपाटीवर, तर तोरणमाळ समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. जवळजवळ हजार मीटरची चढाई, आणि तीही बहुतेक शेवटच्या टप्प्यात, सातपायरी घाटाच्या वळणांवर. पुढे 34 दातांची आणि मागे किमान 32 दातांची चकती हवी. तशी सायकल आधी सांगून ठेवा, आमच्याकडे मोजक्याच आहेत. वर यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरक्षनाथाचं देऊळ. मुक्काम कराच. त्याच दिवशी उतरायच्या घाईत लोक हा तलाव संध्याकाळी पाहतच नाहीत. महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते, तेव्हा घाटात सायकल नको.

उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दाबा, सोडा, पुन्हा दाबा. घाटात मोबाइलला रेंज सगळीकडे नसते, म्हणून कोणत्या वेळी कुठे असाल ते घरी आणि आम्हाला सांगून निघा. वस्त्यांवरची मंडळी भिल्ल, पावरा. पाणी मागितलं तर देतात. न विचारता कुणाचे फोटो काढू नका, आणि प्लास्टिकच्या बाटल्या परत खाली आणा.

खायला केळी, गूळ-शेंगदाणे, मीठ-साखरेचं पाणी. शेवभाजी आणि कळण्याच्या भाकरीवर भरीत हे सगळं फेरी संपल्यावर. तिखट खाऊन चढाला लागलेल्या माणसाचे हाल आम्ही पाहिलेत.

सायकल आदल्या संध्याकाळी घेऊन जा. ओळखपत्राची प्रत आणि अनामत लागेल, हेल्मेट भाड्यातच आहे. वाटेत चेन तुटली किंवा टायर फाटला तर फोन करा. जळगाव, यावल, रावेर, भुसावळ आणि एरंडोल तालुक्यांत आम्ही गाडी घेऊन येतो. तोरणमाळ आणि पाटणादेवीसाठी मात्र आदल्या दिवशी ठरवून ठेवावं लागेल.