'युजर टेस्टिंग झालं, सर!'

दरवर्षी बीईच्या काही मुलांची ब्लॅक बुकं, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे अहवाल, माझ्याकडे वाचायला येतात आणि दरवर्षी त्यात 'युजर टेस्टिंग' नावाचं एक प्रकरण असतं. आत काय असणार ते उघडायच्या आधीच ठाऊक असतं: टेस्ट केसचा तक्ता, शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'पास'. तक्ता मुलांनीच भरलेला, बहुतेक सबमिशनच्या आदल्या रात्री. याला टेस्टिंग म्हणा, माझी हरकत नाही. पण यात युजर कुठे आहे?

टेस्टिंग म्हणजे काय ते इंजिनिअरिंगवाल्यांना सांगायला नको. इनपुट द्या, अपेक्षित आउटपुटशी ताडून बघा, जुळलं तर पास. मग युजर टेस्टिंग वेगळं कसं, असं विचारलं की उत्तर येतं, पहिलं डेव्हलपर करतो, दुसरं बाहेरचा माणूस. पहिलं आधी, दुसरं नंतर. असेल. हे फरक किरकोळ आहेत. बाहेरच्या माणसाला समोर बसवूनही जुनंच टेस्टिंग करता येतं आणि सर्रास तेच चालतं.

मेख अशी आहे की टेस्ट केसमध्ये पायऱ्या लिहिलेल्या असतात. युजर टेस्टिंगमध्ये माणसाला फक्त काम सांगायचं, पायऱ्या त्याच्या त्याला शोधू द्यायच्या.

घोडबंदर रोडला एका सोसायटीच्या गेटवर उभं राहून मी हे पाहिलंय. चौघांच्या ग्रुपने पाहुण्यांच्या नोंदीचं ॲप केलं होतं. वॉचमनकाकांच्या हातात फोन दिला आणि एकीने कागदावरून वाचायला सुरुवात केली, "काका, 'नवीन पाहुणा' दाबा. आता विंग निवडा. आता फ्लॅट नंबर." काका सांगितलं तसं दाबत गेले. पास. मी म्हटलं, आता तुम्ही चौघं केबिनच्या मागे जा आणि तोंड उघडायचं नाही. काकांना एवढंच सांगितलं, "पुढे जो येईल त्याची नोंद वहीत नको, फोनवर करा."

आला गिझर दुरुस्तीवाला. काकांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "कोणाकडे?"

"पाटलांकडे. बारावा मजला."

काकांनी फोनकडे पाहिलं. फोन विचारत होता, विंग कोणती? अंगठा ए आणि बीच्या मध्ये अधांतरी थांबला. बाराव्या मजल्यावर पाटील दोन्हीकडे आहेत. काकांनी मान वर करून विचारलं, "कुत्रा आहे ते पाटील, की बाई शाळेत आहेत ते?" मागून एका गाडीने हॉर्न मारला. तेवढ्यात केबिनमागून एकाला राहवलं नाही, "अहो काका, बी दाबा ना, बी!"

तो 'बी' म्हणाला तिथे चाचणी संपली. त्यापुढे झाला तो डेमो. काकांनी दुसऱ्या हाताने वही पुढे ओढली आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

कोडमध्ये बग नव्हता. काकांचंही काही चुकलं नव्हतं. गेटवर आलेला माणूस आडनाव सांगतो आणि ॲप विंग मागतं, ही चूक कुठल्याच टेस्ट केसमध्ये सापडणार नाही, कारण टेस्ट केस लिहिणाऱ्याला विंग आधीच माहीत असते. ब्लॅक बुकात मात्र हा प्रसंग 'युजरला ट्रेनिंगची गरज आहे' असा उतरतो. या वाक्याची मला मनापासून चीड आहे.

हे आजचं नाही. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानं उतरल्यावर वैमानिक पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप आत घ्यायला जायचे आणि चाकंच आत घ्यायचे. विमान पोटावर बसायचं, खापर वैमानिकावर फुटायचं. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिलं, तर दोन्हींचे कंट्रोल शेजारी शेजारी आणि दिसायला सारखे. उपाय म्हणून एकाला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पाचरीचा. आता यातला एकेक कंट्रोल सुटा तपासा, पासच होणार. तपासणाऱ्याचा हात आधीच बरोबर जागी असतो.

बाकीचं भराभर सांगतो. चाळीस मित्रांना फॉर्म पाठवून 'ॲप सोपं वाटलं का?' विचारणं हे युजर टेस्टिंग नाही, ती मैत्रीची परीक्षा आहे. 'पाच माणसं पुरतात' हे युजेबिलिटीतले तज्ज्ञ जेकब नील्सन यांचं म्हणणं सगळ्यांना पाठ असतं, ते कशासाठी पुरतात तेवढं विसरलं जातं. नील्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३च्या कामानुसार एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात, त्या हिशेबाने पाचांकडून ८५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पाच माणसं दोष शोधायला. त्यावरून '८० टक्के युजर समाधानी' लिहू नका. पाचातले चार म्हणजे चार. आणि युजेबिलिटीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९२४१-११ वाचा: वापरायला सोपं आहे की नाही हे ठरावीक माणसं, ठरावीक काम आणि ठरावीक परिस्थिती धरूनच ठरतं. हॉस्टेलची खोली ही गेटची परिस्थिती नव्हे.

'हे आमच्या ब्रँचचं नाही, सर' असंही ऐकवतात. वापरायला सोप्या डिझाइनवर लिहिणारे डोनाल्ड नॉर्मन आधी एमआयटीतून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, मानसशास्त्रातली पीएचडी नंतरची. आणि एवढ्या लांब तरी कशाला, आयआयटीचं आयडीसी, म्हणजे डिझाइन शिकवणारा विभाग, १९६९पासून पवईला आहे, ठाण्याहून तासाभरावर.

त्या चौघांनी पुढच्या आठवड्यात पहिला प्रश्न बदलला. आता आडनावाची दोन अक्षरं टाकली की दोन्ही विंगमधले पाटील खाली येतात. प्रत्येक नावासमोर काकांनी स्वतः सांगून एक खूण लिहून घेतली होती, 'कुत्रावाले', 'शाळेतल्या बाई'. तो रकाना गाइडनी काढायला लावला.