तणनाशक सोसणारं पीक आणि तणनाशकाला दाद न देणारं तण

ग्लायफोसेट हे तणनाशक मारूनही कपाशी हिरवी राहते, आणि काही वर्षांनी तणही मरेनासं होतं. मग ‘जीएम (जनुक बदललेल्या) पिकाचा जनुक तणात शिरला’ असं सर्रास म्हटलं जातं. कपाशीच्या बाबतीत हे खरं नाही.

ग्लायफोसेट झाडाला जगायला लागणारं ईपीएसपीएस हे एन्झाइम अडवतं. अमेरिकेत १९९७ साली आलेल्या राउंडअप रेडी कपाशीत एका जिवाणूचा जनुक मुद्दाम घातला आहे. त्याच्या एन्झाइमला ग्लायफोसेट रोखू शकत नाही. पुढे अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात पामर अमॅरंथ हे तण, म्हणजे आपल्या काटेमाठाचा भाऊबंद, मरेनासा झाला. त्याने मात्र स्वतःच्याच ईपीएसपीएस जनुकाच्या प्रती वाढवल्या होत्या, काही रोपांत शंभराहून जास्त. एन्झाइम इतकं झालं की औषध पुरेना. दरवर्षी तेच औषध मारलं की असलीच मोजकी रोपं वाचतात आणि बी टाकतात. या तणाच्या एकेका मादी रोपाला लाखो बिया येतात.

यासाठी जीएम पीक लागतंच असंही नाही. पंजाब-हरियाणात गव्हातलं गुल्ली डंडा हे तण १९९० च्या दशकातच आयसोप्रोट्यूरॉन या तणनाशकाला पुरून उरलं.

आपल्याकडे गोंधळ आणखी वाढतो. परवानगी असलेलं बीटी बियाणं फक्त बोंडअळीसाठी आहे. त्यावर ग्लायफोसेट पडलं तर कपाशी जळते. तणनाशक सोसतं ते विनापरवाना ‘चोर बीटी’.

तण वाचलं म्हणजे ते प्रतिकारक झालंच, असंही नाही. केना मुळातच ग्लायफोसेटला चिवट आहे. पट्टेच्या पट्टे हिरवे राहिले तर नोझल तपासा. सगळ्याच जातींची तणं वाचली तर गढूळ पाणी (ग्लायफोसेट मातीच्या कणांना चिकटून निकामी होतं), कमी मात्रा किंवा फवारणीनंतर लगेच आलेला पाऊस. एकाच जातीची मेलेली आणि टवटवीत रोपं शेजारी-शेजारी दिसली, तर शंका घ्या. फुलोऱ्याआधी ती मुळासकट उपटा आणि पुढच्या हंगामात औषधाचा गट बदला.

पिकातून तणात जनुक खरोखर जातो तो भातात, कारण रानभात हा भाताचाच सगोत्र. अमेरिकेत इमिडाझोलिनोन गटाचं तणनाशक सोसणाऱ्या क्लिअरफिल्ड भातातून तो रानभातात गेला, आणि तो भात जीएम नव्हताच. पुसा बासमती १९७९ आणि १९८५ याच गटातलं इमॅझेथापायर सोसतात, तेही जीएम नाहीत. पेरभातात (रोप न लावता थेट पेरलेल्या भातात) हे वाण घेणाऱ्यांनी रानभात फुलण्याआधीच काढावा आणि त्याच शेतात लागोपाठ हेच वाण घेऊ नये.