गटनोंदणी (महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्था)

गटनोंदणी : महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्या निवडणुकीनंतर एखाद्या पक्षाच्या, आघाडीच्या किंवा अपक्षांच्या समूहाच्या निर्वाचित सदस्यांची एक गट म्हणून सक्षम अधिकाऱ्याकडे होणारी अधिकृत नोंद. महानगरपालिकांच्या बाबतीत हा अधिकारी विभागीय आयुक्त (महसूल) असतो, इतर संस्थांच्या बाबतीत जिल्हाधिकारी. मुंबई व ठाणे परिसरातील महानगरपालिकांचे गट म्हणूनच नवी मुंबईतील कोकण भवनात, म्हणजे कोकण विभागाच्या आयुक्तालयात, नोंदले जातात. ग्रामपंचायतींच्या निवडणुका पक्षचिन्हांवर होत नसल्याने तेथे ही व्यवस्था नाही.

नोंदणीचे परिणाम दोन. गटनेत्याच्या किंवा प्रतोदाच्या (आदेश बजावण्यासाठी पक्षाने नेमलेल्या सदस्याच्या) पक्षादेशाला (व्हिपला) कायद्याचे बळ मिळते. आणि विषय समित्या व स्वीकृत (निवडून न येता नेमल्या जाणाऱ्या) सदस्यांच्या जागा वाटताना गटाचे संख्याबळ धरले जाते. वृत्तपत्रांत पहिल्या परिणामाचीच चर्चा अधिक होते. प्रत्यक्षात पाच वर्षांच्या कारभारावर दुसऱ्याचा प्रभाव जास्त पडतो.

पूर्वपीठिका : नगरपालिकांत संघटित गट केव्हापासून दिसतात, याविषयी एकमत नाही. मुंबईपुरते १९०७ हे वर्ष सामान्यतः सांगितले जाते. त्या वर्षी जस्टिस ऑफ द पीस (सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी) या मतदारवर्गातून निवडायच्या सोळा जागांसाठी सर फिरोजशहा मेहता यांच्या विरोधकांनी सोळा नावांची एकत्रित यादी पुढे केली. ‘कॉकस’ या नावाने ती ओळखली गेली. मेहता सतराव्या क्रमांकावर राहिले. निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड रद्द झाल्यावर त्यांना जागा मिळाली. मात्र कॉकस हा निवडणुकीपुरता जमाव होता. सभागृहात एकत्र मतदान करण्याची बांधिलकी त्यात होती असे दिसत नाही. म्हणून १९२० नंतरच्या दशकात विठ्ठलभाई पटेल प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबई महापालिकेत उतरलेल्या राष्ट्रीय वृत्तीच्या गटाला पहिल्या गटाचा मान देणे अधिक सयुक्तिक ठरेल. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर अनेक पक्षांनी मिळून नगरपालिका लढवल्या. आघाडी म्हणून निवडून येऊन आघाडी म्हणूनच कारभार करण्याचा तो मोठा प्रयोग होता. पुण्यातील नागरी संघटनेसारखे केवळ शहरापुरते गटही याच सुमारास कार्यरत होते. हे सर्व गट संकेतावर चालत. एखादा सदस्य फुटला तर पक्ष त्याला काढू शके, पण त्याचे सदस्यत्व जात नसे.

कायद्याचा आधार : १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली, ती संसद व विधिमंडळांपुरती होती. स्थानिक संस्थांसाठी राज्याने महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ (१९८७ चा महाराष्ट्र अधिनियम २०) संमत केला. त्याखालील नियम १९८७ चे असून लोकसभेच्या १९८५ च्या नियमांचा साचा त्यांत ओळखू येतो. दहाव्या अनुसूचीत नसलेली एक संज्ञा या अधिनियमात आहे : ‘आघाडी किंवा फ्रंट’, म्हणजे स्थानिक निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी एकत्र आलेल्या व्यक्तींचा समूह. शहर विकास आघाडी, परिवर्तन पॅनेल अशा नावांनी लढणाऱ्या गटांना कायद्याच्या कक्षेत आणण्यासाठी ती घातली असावी. पुढचे बहुतेक वाद या संज्ञेभोवतीच झाले आहेत.

कलम ३ नुसार सदस्य अनर्ह (अपात्र) ठरण्याची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे. ज्या पक्षाने वा आघाडीने उमेदवारी दिली तिचे सदस्यत्व स्वेच्छेने सोडणे. पूर्वपरवानगीशिवाय पक्षादेशाविरुद्ध मतदान करणे किंवा तटस्थ राहणे. अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात वा आघाडीत जाणे. स्वीकृत सदस्याला पक्ष निवडण्यासाठी सहा महिन्यांची मुभा असते. सदस्य कोणत्या पक्षाचा, हे उमेदवारी कोणी दिली यावरून ठरते. त्यामुळे उमेदवारी अर्जासोबत जोडलेला एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र) हा पुढच्या प्रत्येक वादातील पहिला पुरावा असतो.

‘स्वेच्छेने सोडणे’ म्हणजे केवळ लेखी राजीनामा नव्हे. रवी नाईक प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने वर्तनावरूनही तसा निष्कर्ष काढता येतो, असे म्हटले. तो निकाल विधानसभेच्या संदर्भातला असला, तरी नगरसेवकांच्या प्रकरणांत सर्रास उद्धृत होतो. दुसऱ्या पक्षाच्या व्यासपीठावरचा सत्कार, गळ्यातले उपरणे, प्रवेश सोहळ्याचे छायाचित्र यांना सुनावणीत महत्त्व येते ते यामुळे. याच्या उलट एक गैरसमज नगरसेवकांत फार रूढ आहे : पक्षाने निलंबित केले किंवा काढून टाकले की आपण मोकळे. जी. विश्वनाथन प्रकरणातील (१९९६) सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार काढून टाकलेला सदस्यही मूळ पक्षाचाच समजला जातो आणि दुसऱ्या पक्षात गेल्यास अनर्ह ठरू शकतो.

अनर्हतेपासून संरक्षण पक्षाच्या दुसऱ्या पक्षातील विलीनीकरणापुरते आहे, आणि त्यासाठी गटातील किमान दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते. अकरांच्या गटात हा आकडा आठ होतो, सात नव्हे. अपूर्णांक नेहमी वर धरावा लागतो.

नोंदणीची रीत : टप्पे सर्वत्र जवळपास सारखे आहेत, कागदांची मागणी मात्र कार्यालयागणिक थोडी बदलते. निवडून आलेल्यांची बैठक होते. हजेरी घेऊन गटनेता निवडीचा ठराव लिहिला जातो. पक्षाच्या अधिकृत पदाधिकाऱ्याचे गटनेता नेमणुकीचे पत्र घेतले जाते. सदस्यांची नावे, प्रभाग व स्वाक्षऱ्या असलेली यादी विहित नमुन्यात तयार होते. तिला निवडून आल्याच्या प्रमाणपत्रांच्या प्रती, प्रत्येकाचे स्वतंत्र निवेदन आणि पक्षाची घटना जोडली जाते. आघाडी असल्यास तिचे नाव व नियमावलीही लागते. त्यानंतर सदस्य प्रत्यक्ष कार्यालयात हजर राहतात आणि त्यांची ओळख पटवली जाते. नोंद झाल्याचे पत्र नगरसचिवाकडे किंवा मुख्याधिकाऱ्याकडे जाते. सदस्यांना एकाच बसमधून विभागीय आयुक्तालयात नेऊन तेथूनच ‘सहली’ला पाठवण्याचा प्रघात काही शहरांत पडला आहे. त्याचा कायद्याशी संबंध नाही, बहुमत काठावर असण्याशी आहे.

चुका बहुधा तीन ठिकाणी होतात. पहिली नियमावलीबाबत. आघाडीने नियमावलीच दाखल केली नसेल, तर पक्षादेश काढण्याचा अधिकार कोणाला, हे सिद्ध करता येत नाही. दुसरी गटनेता बदलताना : बैठकीत ठराव होतो, पण आयुक्तांकडील नोंदवहीत जुनेच नाव राहते आणि एका सभेसाठी दोन पक्षादेश निघतात. तिसरी चूक स्वाक्षऱ्यांची आहे. एकाच सदस्याची स्वाक्षरी दोन गटांच्या यादीवर आढळली, की त्याचे शपथपत्र मागवले जाते, आणि तोवर महापौरपदाची निवडणूक होऊन गेलेली असते.

निवडणूकोत्तर आघाडीचा प्रश्न : निकालानंतर एकत्र आलेल्यांचा गट कायद्याने मान्य आहे का, हा या विषयातील सर्वांत वादग्रस्त मुद्दा होय. १९८६ च्या अधिनियमातील व्याख्या निवडणुकीसाठी उमेदवार उभे करणाऱ्या समूहाची आहे. केवळ ती वाचली तर निकालानंतरच्या आघाडीला जागा नाही. अपक्षाला तर कलम ३(२) चा उघड अटकाव आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१अ मधील एका परंतुकाने (कलमाला जोडलेल्या ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या तरतुदीने) मात्र वेगळी वाट मोकळी केली. समित्यांवरील तौलनिक संख्याबळ ठरवण्याच्या प्रयोजनार्थ, अनर्हता अधिनियमात काहीही असले तरी, पक्ष, गट किंवा अपक्ष हे निवडणूक निकालाच्या अधिसूचनेपासून एक महिन्याच्या आत आघाडी स्थापू शकतात. आणि तिची नोंदणी झाल्यावर ती जणू निवडणूकपूर्व आघाडी आहे असे समजून तिच्या सदस्यांना अनर्हता अधिनियम लागू होतो. नगरपरिषद अधिनियमातही (१९६५) याच धर्तीची तरतूद आहे.

या परंतुकाचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. संकुचित अर्थानुसार आघाडी फक्त समितीवाटपासाठी आहे. ‘प्रयोजनार्थ’ हा शब्द मर्यादा घालतो. महापौर निवडणुकीत किंवा अंदाजपत्रकावर सदस्य आपापल्या मूळ पक्षालाच बांधील राहतात. व्यापक अर्थानुसार नोंदणीनंतर अनर्हता अधिनियम सर्वांगाने लागू होतो, कारण परंतुकाचा उत्तरार्ध कोणताही अपवाद करत नाही. परंतुकाची भाषा पाहता दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. पक्षादेशाशिवाय अनर्हता अधिनियम लागू होण्याला फारसा आशयच उरत नाही. तरीही पक्षाचा आणि आघाडीचा आदेश परस्परविरोधी असल्यास कोणता पाळावा, ही अडचण या अर्थाने सुटत नाही. व्यवहारात त्यावर उपाय म्हणून आघाडीच्या नियमावलीतच घटक पक्षांच्या गटनेत्यांच्या सहमतीने आदेश निघेल, असे कलम घालतात.

मुदतीबद्दल तेवढी संदिग्धता नाही. उल्हासनगर महानगरपालिकेतून उद्भवलेल्या जीवन चंद्रभान इदनानी प्रकरणात (२०१२) सर्वोच्च न्यायालयाने निवडणूकोत्तर आघाडीला एक महिन्याची चौकट मान्य केली. त्यानंतर सोयीनुसार नव्या आघाड्या नोंदवत राहणे या तरतुदीत बसत नाही. महिना मोजताना मतमोजणीचा दिवस किंवा पहिल्या सभेचा दिवस धरण्याची चूक वारंवार होते. गणना अधिसूचनेच्या तारखेपासून असते.

तौलनिक संख्याबळ : वाटपाचे सूत्र कलम ३१अ मध्येच दिले आहे. एकूण सदस्यसंख्येला समितीच्या सदस्यसंख्येने भागायचे. येणाऱ्या भागाकाराने प्रत्येक गटाच्या संख्येला भागायचे. प्रथम पूर्णांकाइतक्या जागा द्यायच्या, उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकापासून उतरत्या क्रमाने एकेक. ८० सदस्यांच्या सभागृहात १६ जणांची स्थायी समिती असल्यास भागाकार ५ येतो. अ गटाचे ३७, ब चे २६, क चे ११, ड चे ३ आणि तीन अपक्षांचा एक नोंदणीकृत गट धरला, तर संख्याबळ अनुक्रमे ७.४, ५.२, २.२, ०.६ व ०.६ होते. पूर्णांकांनी १४ जागा जातात. उरलेल्या दोन ०.६ च्या दोन्ही छोट्या गटांना मिळतात.

आता ड गट व अपक्ष यांनी मिळून सहा जणांची आघाडी नोंदवली, तर त्यांचे बळ १.२ होते. पूर्णांकांनी १५ जागा जातात आणि उरलेली एक ०.४ च्या जोरावर अ गटाला मिळते. म्हणजे एकत्र येऊन छोट्यांनी एक जागा गमावली. याउलट अपक्ष अ गटासोबत गेल्यास अ ची संख्या ४० व बळ नेमके ८ होते. ड ला ०.६ वर उरलेली जागा मिळतेच. अपक्षांनी गटच नोंदवला नाही, तर प्रत्येकाचे बळ ०.२ राहते आणि शेवटची जागाही अ कडे जाते. संख्या वाढली की जागा वाढतात हा समज या सूत्राला लागू पडत नाही. म्हणून जाणते गटनेते स्थायी समितीचा हिशेब मांडल्याखेरीज आघाडीच्या कागदावर सही करत नाहीत. समितीची संख्या बदलली की हिशेबही बदलतो. स्थायी समितीत लाभदायक ठरलेली आघाडी लहान समितीत तोट्याची ठरू शकते, आणि महिना उलटल्यावर ती मोडून पुन्हा मांडता येत नाही.

स्वीकृत सदस्यांच्या जागांनाही संख्याबळाचेच तत्त्व लावले जाते. या सदस्यांना सभेत बोलता येते, मतदानाचा हक्क नसतो.

पक्षादेश : आदेशात सभेची तारीख, वेळ, स्थळ, विषय आणि उपस्थित राहून कोणाच्या बाजूने मत द्यावे याचा स्पष्ट निर्देश हवा. ‘पक्षहिताचा निर्णय घ्यावा’ अशी मोघम वाक्ये सुनावणीत टिकत नाहीत. उमेदवाराचे नाव लिहिलेले असून त्याने ऐनवेळी माघार घेतली, तर दुसरा आदेश काढावा लागतो. पहिल्यातच पर्यायी नाव देणे सोयीचे. केवळ मतदानाचा आदेश असेल आणि सदस्य सभेलाच आला नाही, तर गैरहजेरीला तटस्थता म्हणावे का यावर वाद होतो. ‘उपस्थित राहावे’ हे शब्द त्यासाठीच घालतात.

बजावणी हा सर्वांत कच्चा दुवा असतो. सदस्याची पोच घेणे उत्तम. तो सापडत नसेल तर घरातील प्रौढ व्यक्तीची सही, दारावर चिकटवून पंचनामा, टपालाची पावती, वृत्तपत्रातील जाहीर सूचना असे उपाय एकाच वेळी करतात. व्हॉट्सअ‍ॅप संदेश पूरक पुरावा म्हणून जोडला जातो. त्या एकट्यावर विसंबणे धोक्याचे.

आदेश मोडला तरी पक्ष १५ दिवसांत ते माफ करू शकतो. मात्र पदाधिकारी किंवा समितीच्या निवडणुकीतील उल्लंघन माफ करता येत नाही, असे अधिनियमातच म्हटले आहे. दहाव्या अनुसूचीपेक्षा हा कायदा येथे अधिक कडक आहे.

आदेश मूळ पक्षाचा की सभागृहातील गटाचा, हा प्रश्न सुभाष देसाई प्रकरणातील २०२३ च्या निकालाने पुन्हा पुढे आला. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असे त्यात घटनापीठाने म्हटले. १९८६ च्या अधिनियमात आदेश ‘पक्षाने, आघाडीने किंवा त्यांनी प्राधिकृत केलेल्या व्यक्तीने’ द्यायचा असल्याने स्थानिक पातळीवरही तोच निष्कर्ष निघतो. गटनेत्याकडे पक्षाचे लेखी प्राधिकारपत्र असणे म्हणूनच आवश्यक.

निर्णयपद्धती : अनर्हतेची तक्रार विभागीय आयुक्त किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे होते. संबंधित सदस्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. सदाशिव पाटील विरुद्ध विठ्ठल टेके या प्रकरणात (२०००) सर्वोच्च न्यायालयाने, लोकांनी निवडलेल्या व्यक्तीचे पद जात असल्याने कायद्याच्या अटी काटेकोरपणे पाळल्या गेल्या पाहिजेत, अशी भूमिका घेतली. अनेक तक्रारी पक्षांतर झाले की नाही या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत. गटाची नोंद सदोष, आदेश देणाऱ्याचा अधिकार असिद्ध किंवा बजावणी अपुरी, यांवरच त्या निकाली निघतात.

जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांत तत्त्वे हीच आहेत. अध्यक्ष व सभापतींची निवड सदस्यांतून होत असल्याने तेथे पक्षादेशाला महत्त्व असते. नगरपरिषदांत नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला जातो त्या काळात गटाचे वजन उपनगराध्यक्ष, विषय समित्या आणि स्वीकृत सदस्य यांच्यापुरते उरते.