जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याच्या रिंगा जाम झाल्या तर: ग्राहकांसाठी माहिती

रेंजफाइंडर म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायचा कॅमेरा. त्याची फोकसची रिंग जड फिरते, अ‍ॅपर्चरची (प्रकाशाचे भोक लहान-मोठे करणारी) रिंग करकरते, स्पीडची (शटर किती वेळ उघडे राहील ते ठरवणारी) रिंग एका आकड्यावर अडते. या तीन तक्रारी वेगळ्या आहेत आणि तिन्हींचा इलाजही वेगळा आहे. दोन गोष्टी मात्र कोणत्याही रिंगेला करू नका: बाहेरून तेल सोडू नका आणि पक्कड लावू नका. दुरुस्तीला येणाऱ्या कॅमेऱ्यांत मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो, खर्च वाढतो तो या दोन उपायांमुळे.

खरंच जाम आहे का?

काही रिंगा मुद्दामच अडवलेल्या असतात. झोर्की किंवा फेड या सोव्हिएत कॅमेऱ्यांवरच्या इंडस्टार-२२ लेन्सला अनंताच्या (सर्वांत दूरच्या फोकसच्या) खुणेवर खटका असतो. फोकसच्या दांड्यावरचे छोटे बटण दाबल्याशिवाय ती लेन्स जागची हलणार नाही. कोडॅक रेटिना ३सी मध्ये अ‍ॅपर्चर आणि स्पीड एकमेकांशी जोडलेले असतात. तिथली खिट्टी न सोडवता एक रिंग फिरवली की दुसरीही फिरते आणि शेवटाला जाऊन दोन्ही अडतात.

काँपूर शटरमध्ये (जर्मन बनावटीचे, लेन्समध्येच बसवलेले शटर) १/५०० सेकंदावर जाताना रिंग एकदम जड लागते, कारण त्या स्पीडसाठी जास्तीची स्प्रिंग ताणली जाते. हा दोष नाही. मात्र १/५०० हवा असेल तर शटर चढवण्याआधी, म्हणजे फोटोसाठी त्याची स्प्रिंग ताणण्याआधी लावा, नंतर नाही. झोर्की-४ आणि फेड-२ चे याच्या उलट: आधी शटर चढवायचे, मग स्पीडची चकती उचलून फिरवायची. न चढवता फिरवली तर आतली खीळ वाकू शकते.

कॅमेरा पडलेला असेल तर लेन्सचा पुढचा काठ बोटाने चाचपा. काठ चेपून नळी लंबगोल झाली असेल तर ग्रीस बदलून काही होणार नाही. आधी काठ गोल करावा लागतो.

फोकसची रिंग का आवळते

फोकसची रिंग फिरवली की बारीक आट्यांवर लेन्स पुढे-मागे सरकते. हे आटे बहुधा पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांत ग्रीस भरलेले असते. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. वर्षानुवर्षांत तेल निघून जाते, साबण मागे राहतो आणि चिकट होऊन बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली, लोखंडी पेटीत ठेवलेल्या कॅमेऱ्यात हे काम लवकर होते. त्यात शेताची धूळ आणि जिनिंगजवळच्या घरात कापसाचा रुवा बसला की रिंग आणखी जड होते.

आग्फाच्या १९५० च्या दशकातल्या आयसोलेट आणि सिलेट मालिकांची गोष्ट वेगळी. त्यांचे ग्रीस हिरवे पडून इतके कडक होते की पुढची आणि तिच्या मागची काच एकत्र चिकटते. जोर लावला की रिंग फिरते, माणूस खूश होतो. पण प्रत्यक्षात दोन्ही काचा मिळून बाहेर येत असतात आणि फोकस पार बिघडतो.

तेल का नको

शिलाई मशीनचे तेल पातळ असते. रिंग आठवडाभर हलकी फिरते, पण तेल पसरत शटरच्या पात्यांवर जाते. ही पाती कोरडीच चालायला हवीत. तेलाच्या पापुद्र्याने ती एकमेकांना चिकटतात आणि शटर अर्धे उघडते किंवा उघडतच नाही. खोबरेल तर साधारण २४ अंशांखाली थिजते, म्हणजे डिसेंबरात रिंग पुन्हा जाम. गंज सोडवण्याच्या फवाऱ्यानेही तेच होते, फक्त जास्त लवकर. कॅमेरा उन्हात ठेवून ग्रीस वितळवणेही नको: पातळ झालेले जुने ग्रीस पात्यांकडे सरकते आणि चिकटवलेल्या काचांमधला डिंक सुटू शकतो.

घरी एवढेच करा: सायकलच्या ट्यूबचा तुकडा रिंगेभोवती गुंडाळा आणि दोन्ही हातांनी सरळ, सावकाश फिरवा. थोडी जरी हलली तर तेवढ्याच टप्प्यात पुढे-मागे करा. हललीच नाही तर थांबा.

आमच्याकडे काय करतो

फोकसच्या रिंगेवर बहुधा तीन बारीक बिनडोक्याचे स्क्रू असतात. ते सैल केले की रिंग निघते आणि आतले आटे मोकळे होतात. जपानी कॅमेऱ्यांचे चौफुली स्क्रू जपानी मापाच्या पेचकसानेच काढतो, साध्याने त्यांच्या खाचा झिजतात.

खरे काम आटे वेगळे करताना असते. या आट्यांची सुरुवात एका जागी नसते, अनेक जागी असते. म्हणून दोन्ही नळ्या ज्या क्षणी सुटतात, त्या जागी सुईने खूण करतो. चुकीच्या तोंडातून परत बसवली तर आटे छान फिरतात, पण अनंतावर फोकस येत नाही.

मग लाइटरमध्ये भरतात तो नाफ्था, जुना ब्रश आणि लाकडी टोकदार काडी घेऊन आट्यांतला मळ पूर्ण काढतो. पंपावरचे पेट्रोल वापरत नाही, त्याचा थर मागे राहतो. नवे हेलिकॉइड (फोकसच्या आट्यांचे) ग्रीस तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढेच लागते. जास्त भरले की ते पात्यांवर जाते. ग्रीस किती घट्ट घ्यायचे हे आट्यांच्या झिजेवर ठरते. झिजलेल्या आट्यांना थोडे घट्ट लागते, नाहीतर लेन्स डगमगते.

शेवटी कॅमेऱ्याच्या आत फिल्म ज्या रुळांवर टेकते त्यांवर धुरकट टेप ताणून लावतो, बी वर (बटण दाबून ठेवेपर्यंत शटर उघडे ठेवणारी खूण) शटर उघडे धरतो, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडतो आणि एक-दीड किलोमीटरवरच्या मोबाईल टॉवरची टेपवर पडलेली प्रतिमा भिंगातून पाहतो. टेपवर टॉवर स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरमधल्या दोन्ही प्रतिमा एकावर एक आल्या तरच कॅमेरा बंद करतो.

अ‍ॅपर्चरच्या आणि स्पीडच्या रिंगेचे काम याहून नाजूक. प्रत्येक आकड्यावर जो टक आवाज येतो, तो पातळ स्प्रिंगेचा किंवा छर्र्याचा. छर्रा दीड मिलिमीटरहूनही लहान असू शकतो आणि रिंग उचलली की उडतो. अ‍ॅपर्चरची पाती कोरडीच ठेवतो. स्पीडच्या खाचदार चकतीला जिथे घर्षण होते तिथेच ग्रीसचा पुसट हात देतो.

कॅमेरा पाठवताना

सेल काढा. शटर चढवलेले ठेवू नका. सेल्फ-टायमरची दांडी अडली असेल तर तिला हात लावू नका, ती ओढल्याने चांगले शटरही अडकते. आत फिल्म असेल तर तसे सांगा, आम्ही अंधारात उघडू. सुटलेला स्क्रू किंवा छर्रा कागदात गुंडाळून वेगळा द्या. एसटी पार्सलने पाठवत असाल तर डब्यात कापूस नको, बारीक धागे रिंगांमध्ये शिरतात, जुन्या वर्तमानपत्राचे बोळे चालतील. सोबत चिठ्ठीवर लिहा: कोणती रिंग, किती वर्षे कॅमेरा वापरात नव्हता, आणि काही तेल सोडले असेल तर कोणते. तेल सोडले हे आधीच कळले तर शटर उघडूनच अंदाज देतो आणि तुमचा होकार आल्यावरच काम सुरू करतो.